आंड सुजलंय पण दुखत नाही: कारणं, तपासण्या आणि आपल्याकडं होणारे घोळ

शल्यविभाग_लातूर

या विषयावर तुकड्यातुकड्यानं बरंच बोललं जातं, एका जागी सापडत नाही, म्हणून हा धागा. कारण काय, खूण कोणती, तपासणी कोणती आणि पुढं काय करायचं, एवढंच लिहू या. स्वतःच्या आजाराच्या कहाण्या नकोत. वृषणाला मी गोळी आणि अंडकोषाला पिशवी म्हणतोय, ओपीडीत हेच चालतं.

दुखलं की माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येतो. न दुखणारी सूज मात्र धोतरात नाहीतर लुंगीत वर्षानुवर्षं मावून जाते. त्यात लाज आहे, मजुरी बुडण्याची भीती आहे आणि 'दुखत नाही म्हणजे साधंच असणार' हा पक्का समज आहे. तो समज बहुतेक वेळा खरा निघतो, पण गोळीचा कर्करोगही सुरुवातीला दुखत नाही, आणि सगळी गोची तिथंच आहे.

पहिला प्रश्न एकच: सूज गोळीत आहे, गोळीभोवती आहे, की वरून खाली उतरलेली आहे? तपासणी उभ्यानं सुरू करायची. सुजेच्या वरच्या टोकाला, जांघेजवळ, अंगठा आणि बोट लावायचं. दोन्ही एकमेकांना भेटले आणि मध्ये नुसती दोरी (गोळीकडं येणाऱ्या शिरा आणि वीर्यनलिका यांची) लागली, तर सूज पिशवीतलीच. भेटतच नसतील, सूज थेट जांघेत वर चढत असेल, तर हर्निया धरून चालायचं. मग खोकायला लावायचं. हाताला धक्का लागला तर हर्नियाच. नंतर आडवं झोपवायचं. हर्निया सहसा आत जातो, फुगलेल्या शिरा रिकाम्या होतात, पाणी मात्र जागेवर राहतं. शेवटी गोळी वेगळी चाचपता येते का ते बघायचं. पाण्याची पिशवी ताणलेली असेल तर ती लागतच नाही, आणि त्या वेळी 'पाणीच आहे' म्हणून कागदावर लिहून मोकळं होणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

पाणी म्हणजे हायड्रोसील, सरकारी कागदावर अंडवृद्धी. गोळीभोवती दोन पदरांचं पातळ आवरण असतं. आतला पदर थोडं पाणी सोडतो आणि ते शोषलंही जातं. ही आवक-जावक बिघडली की पाणी साठतं. चाळिशीनंतर बऱ्याचदा काहीच कारण सापडत नाही. पण मार, जंतुसंसर्ग, हत्तीरोग किंवा आत दडलेली गाठ यांच्यामुळंही पाणी होतं. गोळीच्या सुमारे दहा टक्के गाठी पाण्याचं सोंग घेऊन येतात. तरुण माणसात नव्यानं पाणी झालं तर कारण शोधल्याशिवाय सोडायचं नाही.

सोनोग्राफी_परभणी

सर, टॉर्चचं राहिलं. अंधाऱ्या खोलीत पिशवीला मागून टॉर्च टेकवली की साधं पाणी लालसर उजळतं. मोबाइलचा प्रकाश पसरतो, त्यामुळं मध्ये कागदाची नळी धरावी. एवढ्यावर निर्णय मात्र घेऊ नये. आवरण जाड झालेलं असेल, पाण्यात रक्त, पू किंवा काइल (दुधासारखा लसद्रव) असेल, तर उजळत नाही. उलट तान्ह्या बाळाचा हर्नियाही उजळतो, कारण आतड्याची भिंत पातळ असते. तिथं 'पाणीच आहे' म्हणून सुई घातली की आतडं फुटतं.

आणि उजळलं तरी आतली गोळी कशी आहे हे प्रकाश सांगत नाही. त्यासाठी सोनोग्राफी. ही पोटाच्या प्रोबनं (यंत्राचा अंगावर फिरवायचा भाग) उरकायची तपासणी नाही. ७ मेगाहर्ट्झच्या वरचा, शक्यतो १० ते १२ चा, लिनिअर प्रोब आणि कलर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोय) लागतो. चिठ्ठीवर नुसतं 'यूएसजी अ‍ॅब्डोमेन' लिहून पाठवतात, मग पिशवीवरून प्रोब फिरतच नाही आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. 'यूएसजी स्क्रोटम विथ डॉपलर' असं स्पष्ट लिहा.

रिपोर्टात एवढं असलंच पाहिजे: दोन्ही गोळ्यांचं माप (मोठ्या माणसात लांबी साधारण ४ ते ५ सेंमी), दोन्हीकडचा पोत सारखा आहे का, गाठ असेल तर ती गोळीच्या आत की बाहेर, गाठीत रक्तप्रवाह आहे का, मागची एपिडिडिमिस (शुक्राणू साठवणारी नळी) कशी आहे, पाणी स्वच्छ की जाळीदार, आणि शिरा उभ्यानं व जोर लावल्यावर किती फुगतात. झोपवूनच केलेल्या तपासणीत व्हेरिकोसील (फुगलेल्या शिरा) हमखास निसटतं.

गोळीच्या आतली घट्ट गाठ आणि तिच्यात रक्तप्रवाह असेल, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती कर्करोगाची समजायची. बाहेरची पाण्याची गाठ, म्हणजे एपिडिडिमिसची सिस्ट किंवा स्पर्मॅटोसील, ही गोळीच्या वरच्या-मागच्या बाजूला वेगळी लागते. त्रास नसेल तर तिला हात लावायचं काम नाही.

ऊसपट्टा_धारूर

माहिती चांगली चाललीय. आमच्या भागातला रोजचा प्रश्न टाकतो. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला जातात. उचल घेतलेली असते, मुकादम थांबत नाही. पिशवी नारळाएवढी झालेला माणूसही मोळ्या वाहतो. विचारलं तर म्हणतो, 'दुखत न्हाई, कामून दाखवायचं?' यातलं कशाला थांबता येतं आणि कशाला अजिबात नाही, हे कुणी सरळ सांगेल का? उन्हाळ्यात परत आल्यावर ऑपरेशन केलं तर चालतं का?

शल्यविभाग_लातूर

धारूरकर, तीन वाटा करा.

सोनोग्राफीत गोळ्या दोन्ही चांगल्या आणि नुसतं स्वच्छ पाणी: थांबता येतं. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, एप्रिल-मे मध्ये शस्त्रक्रिया करून पुढच्या हंगामापर्यंत माणूस पूर्ण तयार होतो. हंगामात घट्ट लंगोट घालून ओझं सहन करता येतं. मात्र सोनोग्राफी जाण्याआधी झालेली हवी.

हर्निया: थांबणं धोक्याचं. मोळी उचलून शिडीवरून ट्रकवर चढवणं म्हणजे पोटातला दाब सारखा वाढवणं. आत जाणारा हर्निया अचानक जायचा थांबला, कडक झाला, उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं, तर आतड्याचा रक्तपुरवठा अडकलाय. मग त्या कारखान्याजवळच्या सर्जनकडं त्याच रात्री जावं लागतं. शक्य असेल तर हंगामाआधी शस्त्रक्रिया करून जाळी बसवून घ्यावी आणि ६ आठवडे जड उचलू नये. म्हणजे ऑगस्ट संपायच्या आत.

गोळीत घट्ट गाठ: कोयता नाही, उचल नाही, काही नाही. त्याच आठवड्यात पुढची तपासणी.

गाठ_विभाग

तिसऱ्या वाटेवर सविस्तर लिहितो, कारण इथं वेळेपेक्षाही चुकीच्या मार्गानं जास्त नुकसान होतं.

गोळीचा कर्करोग एकूण कर्करोगांत कमीच. पण १५ ते ४० या वयातल्या पुरुषांच्या घट्ट गाठींमध्ये तो नेहमीचा आहे. लहानपणी गोळी खाली न उतरलेल्यांना धोका जास्त. माणूस सांगतो काय? 'एक बाजू जड वाटते', 'गोळी दगडासारखी झालीय', 'खेळताना मार लागला तेव्हा कळलं'. मारानं गाठ होत नाही; मार लागला म्हणून हात गेला आणि आधीचीच गाठ सापडली. काहींत पहिलं लक्षण छातीवर स्तनाची वाढ किंवा कंबरदुखी असतं. गोळीच्या लसीका (अंगातला लसद्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) जांघेत जात नाहीत, पोटात महाधमनीजवळच्या लसीकाग्रंथींकडं जातात. म्हणून जांघ मोकळी आहे यावर समाधान मानू नये.

गाठ दिसली की सुई घालून तुकडा घ्यायचा नाही, पिशवीला छेदही द्यायचा नाही. पिशवीच्या कातडीच्या लसीका मात्र जांघेत जातात. सुई किंवा छेद तिथून गेला तर रोगाला नवा रस्ता मिळतो आणि पुढचा सगळा उपचार वाढतो. गोळी जांघेतून, दोरीसकट, वरच्या टोकाला बांधून काढायची. काढलेली गोळीच तपासणीला जाते.

शस्त्रक्रियेआधी रक्तात तीन तपासण्या: एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच; गोळीच्या कर्करोगात हे आकडे वाढू शकतात. नंतर काढलेलं रक्त आधीच्या आकड्याची भरपाई करत नाही. तिन्ही नॉर्मल आले म्हणजे कर्करोग नाही, असा अर्थ काढू नका. शुद्ध सेमिनोमात (गोळीच्या कर्करोगाचा एक प्रकार) एएफपी वाढतच नाही. उलट सेमिनोमा लिहून आलेल्या रिपोर्टासोबत एएफपी वाढलेलं असेल, तर पॅथॉलॉजिस्टनं स्लाइड पुन्हा बघावी. आत दुसरा प्रकारही आहे. पुढं पोट आणि छातीचा सीटी.

केमो लागणार असेल तर त्याआधी वीर्य गोठवून ठेवण्याचा विषय काढायचा. वीर्यपेढी मोठ्या शहरातच मिळते, पण तरुण माणसाला ती एक फेरी करायला सांगायलाच हवी. राहिलेली एक गोळी चांगली असेल तर संसाराला आणि मुलं व्हायला सहसा पुरते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस पळून जातो, आणि मग सहा महिन्यांनी येतो तो फुप्फुसात पसरल्यावर. लवकर पकडलेल्यांत ९५ टक्क्यांहून जास्त बरे होतात. पसरल्यावरही सिस्प्लॅटिन या औषधावर चालणारी केमो या रोगात चांगली काम करते, पण सगळं लांबतं आणि किडनी-कानावर बोजा पडतो.

साठीनंतर गोळी घट्ट आणि न दुखता वाढली तर यादीत लिम्फोमा (लसीकाग्रंथींच्या पेशींचा कर्करोग) सगळ्यात वर. तिथं दोन्ही बाजू बघायच्या.

स्लाइड_आणि_ट्यूब

प्रयोगशाळेच्या बाजूनं दोन ओळी. एलडीएचसाठी रक्त फुटलेलं चालत नाही. सुई बारीक, सिरिंज जोरात ओढली, ट्यूब हलवली, की तांबड्या पेशी फुटतात आणि एलडीएच खोटंच वाढतं. सीरम लालसर दिसलं तर नमुना परत घ्या. शस्त्रक्रियेनंतर एएफपी अर्धं व्हायला ५ ते ७ दिवस लागतात, एचसीजी एक ते तीन दिवसांत अर्धं होतं. म्हणून चौथ्या दिवशी 'एएफपी अजून वाढलेलंच' म्हणून घाबरवू नका. आठवड्यानं आणि मग पुन्हा, उतार नीट आहे का ते बघा.

कंधारची_ताई

हत्तीरोगाबद्दल मी लिहिते, आमच्या नांदेड जिल्ह्यात हे काम रोजचं. नांदेड, लातूर आणि धाराशिव हे हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत मोडतात. लोकांना हत्तीपाय माहीत असतो, पण पुरुषांत पिशवीतलं पाणी हाही त्याच रोगाचा भाग असतो, आणि ते जास्त लपवलं जातं.

जंतू वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी, पसरवणारा क्युलेक डास, तोच गटारीचा आणि शौचटाकीचा. शौचटाकीच्या हवेच्या पाइपाला जाळी नसेल तर तिथूनच डासांची पैदास. प्रौढ कृमी पिशवीतल्या लसीकांत राहतात, लसीका फुगतात, पाणी निघून जात नाही. डास चावल्यापासून पिशवीची सूज दिसेपर्यंत वर्षं जातात. म्हणून 'आमच्याकडं आता डास कुठंय' या म्हणण्याला अर्थ नाही.

रक्त रात्रीच का, हा प्रश्न दर वेळी येतो. मायक्रोफायलेरिया (कृमीची सूक्ष्म पिल्लं) दिवसा फुप्फुसाच्या शिरांत दडून राहतात आणि रात्री १० ते २ च्या दरम्यान बोटाच्या रक्तात येतात. दिवसा काढलेली स्लाइड निगेटिव्ह आली तर ती न काढल्यासारखीच. अँटिजेनची (कृमीच्या अंशाची) पट्टी चाचणी मात्र कधीही करता येते.

सामूहिक औषधोपचाराच्या गोळ्या: डीईसी (हत्तीरोगाच्या जंतूवरचं औषध) १०० मिग्रॅची, वय २ ते ५ ला एक, ६ ते १४ ला दोन, १५ च्या पुढं तीन, सोबत अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ. उपाशीपोटी नाही, कर्मचाऱ्यासमोर गिळायच्या. गरोदर बायका, २ वर्षांखालची लेकरं आणि गंभीर आजारी यांना नाही. खाल्ल्यावर ताप, डोकेदुखी आली तर बऱ्याचदा अंगातले जंतू मरत असतात. कधी पिशवीत छोटी दुखरी गाठही येते, मेलेल्या कृमीभोवती. ती दोन-चार दिवसांत बसते. पुढच्या वर्षी लोक गोळ्या घराच्या माळवदावर फेकतात त्याचं कारण ही रिअ‍ॅक्शन, आणि ती आधी न सांगणारे आपण.

ऊसपट्टा_धारूर

ताई, गोळ्या खाल्ल्यावर झालेलं पाणी उतरतं का? मेडिकलवरून डीईसीची पट्टी घेऊन महिनोन् महिने खाणारे आहेत.

कंधारची_ताई

नाही भाऊ. औषध जंतूवर आहे. रक्तात जंतू किंवा अँटिजेन सापडला तर डॉक्टर वजनाप्रमाणं किलोला ६ मिग्रॅ डीईसी १२ दिवस देतात. साठलेलं पाणी त्यानं जात नाही, त्याला शस्त्रक्रियाच. जुन्या हायड्रोसीलमध्ये रक्तात मायक्रोफायलेरिया नसणं हे नेहमीचं आहे. स्लाइड निगेटिव्ह आली म्हणून पाणी हत्तीरोगाचं नाही, असं ठरत नाही. गावाच्या यादीत मात्र नाव लिहून घ्या. अंडवृद्धीच्या रुग्णांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्रात असते आणि शस्त्रक्रियेची शिबिरं त्या यादीवरूनच लागतात. पुरुष माणूस आशाताईला हे सांगत नाही. आरोग्य सेवकाकडून विचारलं की नावं निघतात.

सोनोग्राफी_परभणी

भर घालतो. जिवंत कृमी असतील तर सोनोग्राफीत लसीकेच्या आत वळवळ दिसते, तिला फायलेरिया डान्स म्हणतात. प्रोब एकाच जागी स्थिर धरून थांबावं लागतं. घाईत ती दिसत नाही.

मूत्ररोग_संभाजीनगर

क्षयरोग अजून कुणी काढला नाही, आणि आपल्याकडं तो विसरणं परवडणारं नाही. एपिडिडिमिसचा क्षय: गोळीच्या मागं कडक, खडबडीत दोर, वीर्यनलिका मण्यांच्या माळेसारखी गाठीगाठीची. दुखणं नाही किंवा अगदी किरकोळ. पुढं पिशवीच्या मागच्या बाजूला छिद्र पडून पाणी-पू झिरपतो. मधुमेही किंवा एचआयव्ही असलेल्या माणसात आवर्जून विचारा.

लघवीत पू-पेशी भरपूर पण साध्या कल्चरला काहीच उगवत नाही, हा इशारा. सकाळची पहिली लघवी लागोपाठ ३ दिवस पाठवायची, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (क्षयाचा जंतू शोधणाऱ्या चाचण्या) आणि क्षयाचं कल्चर सांगून. छिद्र असेल तर तिथला पू पाठवा. सोबत छातीचा एक्स-रे आणि किडन्यांची सोनोग्राफी, कारण रोग बऱ्याचदा वरून खाली आलेला असतो.

घोळ असा होतो: सूज बघून आधी लिव्होफ्लोक्सासिनचा कोर्स, मग आणखी एक. हे औषध क्षयाच्या जंतूलाही थोडं दाबतं. सूज जराशी कमी होते, तपासणी निगेटिव्ह येते, निदान दोन-तीन महिने लांबतं. संशय असेल तर नमुने आधी, अँटिबायोटिक नंतर. निदान झालं की उपचार सहा महिने: पहिले २ महिने चार औषधं, पुढं संवेदनशीलतेप्रमाणं. निक्षयवर (क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर) नोंद करा. पोषणासाठी महिन्याला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे, आणि बँक खातं जोडलेलं नसेल तर ती येत नाही.

आता व्हेरिकोसील. साधारण शंभरात पंधरा पुरुषांना असतं, बहुतेक डावीकडं, कारण डाव्या गोळीची शीर काटकोनात किडनीच्या शिरेला मिळते. उभं राहिलं की गोळीच्या वर गांडुळांची पिशवी लागते, झोपलं की रिकामी. दोन वेळा सावध व्हायचं: फक्त उजवीकडं असेल तेव्हा, आणि झोपल्यावरही रिकामी होत नसेल तेव्हा. मग पोटाची सोनोग्राफी किंवा सीटी करून किडनीची गाठ नाही ना ते बघा. चाळिशीनंतर अचानक झालेल्या व्हेरिकोसीललाही हाच नियम.

प्रत्येक व्हेरिकोसील कापायचं नसतं. हाताला लागणारं आहे, मूल होत नाही, वीर्यतपासणी बिघडलेली आहे, तर विचार करायचा. वीर्य द्यायच्या आधी २ ते ७ दिवस संबंध नकोत. एकाच तपासणीवर ठरवू नका. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात पुन्हा तपासून 'फरक नाही' म्हणणं घाईचं होतं, तीन महिने तरी जाऊ द्या.

भरती_मैदान

पोलीस आणि सैन्य भरतीची पोरं यात येतात. हायड्रोसील, व्हेरिकोसील, हर्निया ही मेडिकलला बाहेर पडण्याची नेहमीची कारणं. अकादमीच्या प्रशिक्षकांनी पोरांना मैदान सुरू करतानाच तपासून घ्यायला सांगावं, शारीरिक चाचणीच्या तोंडावर नाही. जखम पूर्ण भरायला आणि पळणं परत जमायला वेळ द्यावा लागतो.

बालरोग_जालना

लेकरांचं गणित वेगळं. जन्मतः पाणी असेल तर पोटातून पिशवीत येणारी वाट उघडी राहिलेली असते. सकाळी कमी, दिवसभर खेळून संध्याकाळी जास्त, ही तिची खूण. बहुतेकांत वर्ष-दोन वर्षांत वाट आपोआप बंद होते. २ वर्षांनंतर राहिली तर शस्त्रक्रिया, आणि ती जांघेतून. मोठ्यांसारखी पिशवी उघडून चालत नाही; वाट बंद केली नाही तर पाणी परत. हर्निया असेल तर दोन वर्षं थांबायचं नाही.

गोळी पिशवीत नसेल तर ६ महिन्यांपर्यंत वाट बघा, त्यानंतर बालशल्यचिकित्सकाकडं. वर्षाच्या आसपास, उशिरात उशिरा १८ महिन्यांपर्यंत ती खाली आणून बसवली जावी. 'मोठा झाला की उतरेल' म्हणून शाळेत जाईपर्यंत थांबवलेली पोरं अजून दिसतात.

लेकराची पूर्ण पिशवीच पाणीदार, दाबलं की खड्डा पडतो, सकाळी डोळे सुजलेले: गोळ्यांचा प्रश्नच नाही, लघवीतली प्रथिनं बघा. नेफ्रोटिक सिंड्रोम (किडनीतून प्रथिनं गळण्याचा आजार) असतो. मोठ्या माणसातही दोन्ही बाजू, लिंग आणि पाय एकत्र सुजलेले असतील तर हृदय, यकृत, किडनी तपासा. दारूनं यकृत गेलेल्या माणसाला हायड्रोसीलच्या ऑपरेशनसाठी पाठवलेली चिठ्ठी ही थट्टाच झाली.

नवजात बाळाची गोळी कडक, निळसर आणि न दुखणारी असेल तर जन्माआधीच पीळ बसलेला असू शकतो. त्याच दिवशी पाठवा. आणि रक्ताच्या कर्करोगाचा उपचार झालेल्या मुलाची गोळी न दुखता वाढली, तर आजार तिथं परतलाय का ते आधी बघायचं.

ऊसपट्टा_धारूर

गावठी उपचारांचं काय? बिब्बा लावणं, एरंडाचं पान बांधणं, कान टोचून तार घालणं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे सुईनं पाणी काढून देणं. पाचशे रुपयांत काढून देतात म्हणे.

शल्यविभाग_लातूर

एरंडाच्या पानानं बिघडत काही नाही, सुधारतही काही नाही. कान टोचल्यानं कानाला भोक पडतं. बिब्बा मात्र पिशवीच्या पातळ कातडीवर भाजून फोड आणतो, त्यात जंतू शिरले की चांगल्या कातडीची वाट लागते आणि शस्त्रक्रिया दोन महिने पुढं जाते.

सुईनं काढलेलं पाणी परत भरतं, कारण पाणी सोडणारं आवरण तसंच राहतं. दर वेळी रक्त साठण्याचा आणि पू होण्याचा धोका. चार-पाच वेळा सुई मारलेली पिशवी आतून चिकटून जाड होते आणि साधी अर्ध्या तासाची शस्त्रक्रिया अवघड होते. आत हर्निया असेल तर आतड्याला भोक, गाठ असेल तर काय होतं ते वर आलंच आहे. अगदी म्हाताऱ्या, भूल न झेपणाऱ्या माणसात, सोनोग्राफी करून, दवाखान्यात, निर्जंतुक पद्धतीनं काढणं एवढीच त्याला जागा.

मूत्ररोग_संभाजीनगर

शेवटच्या मुद्द्यावर थोडा मतभेद. म्हाताऱ्या माणसालाही बऱ्याचदा स्थानिक भूल देऊन शस्त्रक्रिया करता येते, दोरीच्या भोवती इंजेक्शन देऊन. 'भूल झेपणार नाही' हे ठरवायला भूलतज्ज्ञाला विचारा. वयाचा आकडा बघून ठरवू नका.

शल्यविभाग_लातूर

मान्य. पातळ आवरण असेल तर लॉर्डची टाके घालण्याची पद्धत, त्यात रक्तस्राव कमी. मध्यम असेल तर जाबूलेची, आवरण उलटं करून शिवायची. हत्तीरोगाचं जाड आवरण मात्र कापून काढावं लागतं, नाहीतर पाणी परत येतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. साखर तपासा, लघवीचा जंतुसंसर्ग असेल तर तो आधी.

नंतरचं: त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालायचं. नळी ठेवली असेल तर ती एक-दोन दिवसांत काढतात. लंगोट किंवा आधाराची पट्टी दिवसरात्र २ ते ४ आठवडे. मोटारसायकल आणि बैलगाडी २-३ आठवडे नको, जड ओझं ४ आठवडे नको. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिशवी आधीएवढीच मोठी आणि कडक लागते, त्यावर 'पाणी परत आलं' म्हणून भांडायला येतात. ती भरून येण्याची सूज असते, हळूहळू उतरते. पहिल्या २४ तासांत पिशवी झपाट्यानं वाढली, काळीनिळी आणि ताणलेली झाली, तर आत रक्त साठतंय, लगेच दाखवा. ताप आणि पू असेल तरी थांबू नका. काढलेलं पाणी गढूळ किंवा रक्ताळ असेल, किंवा गोळी डोळ्यांना वेगळी दिसली, तर नमुना तपासायला गेलाच पाहिजे.

एक वाक्य गोळीला बसणाऱ्या पिळाबद्दल, कारण लोक इथं वाचून त्यातही थांबतील: अचानक जोरात दुखणं, उलटी, गोळी वर ओढली गेलेली असेल तर ती धाग्यातली सूज नव्हे. पहिले ६ तास महत्त्वाचे. सोनोग्राफीच्या अपॉइंटमेंटसाठी सकाळपर्यंत बसायचं नाही.

कंधारची_ताई

कुठं जायचं तेही लिहून ठेवते. साधं पाणी आणि हर्निया उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात होतं. ग्रामीण रुग्णालयात सर्जनचे दिवस ठरलेले असतात, आधी विचारून जा. गुंतागुंतीचं असेल तर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडला विष्णुपुरी किंवा लातूरचं शासकीय महाविद्यालय, जे जवळ पडेल ते. गाठीचा संशय असेल तर संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, धाराशिवकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त जवळ. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. रेशन कार्ड, आधार आणि सोनोग्राफीचा मूळ रिपोर्ट घेऊन जा. कोणती शस्त्रक्रिया कोणत्या दवाखान्यात बसते ते आरोग्यमित्राच्या (दवाखान्यातला योजनेचा माणूस) टेबलावर भरती व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही.

ऊसपट्टा_धारूर

टोळीच्या माणसांना घरी तपासायला काय सांगू? सोपं एखादं.

गाठ_विभाग

महिन्यातून एकदा, कोमट पाण्यानं अंघोळ झाल्यावर, पिशवी सैल असताना. एकेक गोळी अंगठा आणि दोन बोटांमध्ये धरून हलकेच फिरवायची. डावी थोडी खाली असणं नेहमीचं. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखी एपिडिडिमिस लागते, ती गाठ नव्हे. गोळीच्या पृष्ठावर मुगाएवढीही कडक जागा लागली, एक गोळी दुसरीपेक्षा जड किंवा घट्ट झाली, किंवा पिशवी नव्यानं मोठी झाली, तर सोनोग्राफी. १५ ते ४० वयातल्यांना हे आवर्जून सांगा. रोज चाचपत बसू नका म्हणावं, त्यानंही दुखायला लागतं.

स्लाइड_आणि_ट्यूब

एक दुरुस्ती सुचवतो. वर रात्रीच्या स्लाइडबद्दल आलं, त्यात प्रमाण राहिलं: बोटाच्या रक्ताचा जाड थर, साधारण ६० मायक्रोलिटर, तीन रेघांत. स्लाइड पूर्ण वाळू द्या, मग पाण्यात बुडवून तांबडा रंग उतरवा, नंतरच रंगवा. ओली स्लाइड एकावर एक ठेवून सकाळी पाठवली की थर सुटून येतो, आणि मग त्या गावाच्या आकड्यावर काही विश्वास ठेवता येत नाही.